अष्टावक्र कुणी सांगत नाही



आजचं वाचन: महाभारत, वनपर्व, अध्याय १३२ ते १३४. तीर्थयात्रेत लोमश ऋषी युधिष्ठिराला अष्टावक्राची कथा सांगतात, ती.

आजचं चिंतन नेहमीपेक्षा मोठं झालंय. चहा घेऊन बसा. आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी लहानपणी मारझोड, कोंडून ठेवणं असलं काही झालं असेल आणि आज मन थाऱ्यावर नसेल, तर हे नंतर वाचा. पळून जात नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मला सातवा महिना चालू आहे. दर रविवारी सकाळी मी ऑनलाइन गर्भसंस्काराच्या वर्गाला बसते. ताई गोड आहेत, आवाज छान आहे, ओंकार करवून घेतात तेव्हा खरंच बरं वाटतं. पण दर आठवड्याला गोष्टी त्याच दोन. अभिमन्यूनं सुभद्रेच्या पोटात चक्रव्यूह ऐकला. कयाधू नारदांच्या आश्रमात राहिली म्हणून प्रल्हाद भक्त झाला. तात्पर्य: बाळ सगळं ऐकतंय, म्हणून आईनं आनंदी राहायचं, वाईट विचार मनात आणायचा नाही.

मला पहाटे तीनला जाग येते. आणि तीन वाजता आनंदी विचार येत नाहीत. लहानपणीचं आठवतं. मग दुसरी भीती सुरू होते, की हे जे मला आठवतंय ते नाळेतून खाली जातंय का? मी बाळाला आत्तापासूनच विष पाजतेय का? एकदा धीर करून चॅटमध्ये विचारलं, की जुन्या वाईट आठवणी येतात, काय करू. उत्तरात हात जोडलेला इमोजी आला आणि पुढे 'पॉझिटिव्ह राहा'.

गर्भात ऐकणारं तिसरं एक मूल महाभारतात आहे. ते त्या वर्गात कुणी सांगत नाही. मीही दोन वर्षं या ब्लॉगवर ती कथा टाळत होते. का ते पुढे येईलच.

कथा अशी. उद्दालक ऋषींचा कहोड नावाचा शिष्य. मनापासून गुरुसेवा करणारा. उद्दालकांनी त्याला विद्या दिली आणि आपली मुलगी सुजाताही दिली. सुजाताला दिवस गेले. कहोड रात्र रात्र अध्ययन करत असे, शिष्य भोवती बसलेले असत. एके दिवशी पोटातलं मूल म्हणालं, बाबा, रात्रभर म्हणताय खरं, पण ते बरोबर होत नाहीये.

शिष्यांसमोर असं झालं. कहोडाला अपमान वाटला. त्यानं पोटातल्या बाळाला शाप दिला, की पोटात असतानाच एवढं बोलतोस, तर आठ ठिकाणी वाकडा होशील. आणि ते मूल तसंच जन्मलं.

आता माझं. मी नऊ वर्षांची होते. एकादशीला आमच्याकडे हरिपाठ व्हायचा, शेजारपाजारचे आठदहा जण यायचे. म्हणायचे आप्पा. मला सगळा पाठ होता. एका ठिकाणी आप्पा चुकले आणि मी मोठ्यानं बरोबर शब्द सांगितला. लोक हसले, कौतुकानंच. 'पोरगी हुशार आहे हो तुमची.' आप्पाही हसले. प्रसाद झाला, लोक गेले. मग आप्पा म्हणाले, 'हो बाहेर.' मला जिन्यावर काढलं आणि आतून कडी लावली. डिसेंबर होता. दाराच्या पलीकडे आईच्या बांगड्या वाजत होत्या, म्हणजे ती कडीपाशी उभी होती. दार उघडलं ते दूधवाला आला तेव्हा.

ती पहिली वेळ नव्हती आणि शेवटचीही नव्हती. मारही असायचा. पण मला ती रात्रच जास्त आठवते, कारण त्या दिवशी मी चूक केलीच नव्हती. मी बरोबर म्हणाले होते.

म्हणून कहोडाची गोष्ट मी टाळत होते. पहिल्यांदा वाचली तेव्हा पोथी मिटून ठेवली होती.

या महिन्यात ती उघडावी लागली, त्याला कारण घडलं. नणंदेचा मुलगा, चार वर्षांचा, दोन दिवस आमच्याकडे राहायला आला होता. मी देवासमोर वाचत बसले होते. तो खेळता खेळता आला आणि ताम्हनातलं पाणी माझ्या पोथीवर सांडलं. माझ्या तोंडून काय निघालं? 'अक्कल आहे का? हो बाहेर!' शब्द तेच. आवाजाची पट्टीही तीच. हात अर्धा वर गेलेला. पोरगं निमूट उठलं आणि फ्लॅटच्या दारापाशी जाऊन उभं राहिलं, बंद दाराकडे तोंड करून. नवरा स्वयंपाकघरातून बघत होता. त्यानं मला कधी तसं पाहिलं नव्हतं. मीही नाही.

आजचा प्रश्न हाच आहे. ज्याला लहानपणी दुखवलं गेलं, तो आईबाप होताना तेच पुढे देणार, असं ठरलेलं असतं का?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन सोपी उत्तरं मिळतात. दोन्ही मला सत्संगात मिळाली आहेत.

पहिलं: 'प्रारब्ध असतं. मूल आपले आईबाप निवडून येतं. तुझे भोग होते ते भोगून संपले.' हे सांगणारे चांगल्या मनाचे असतात, वाद घालत नाही. पण कथा नीट वाचा. लोमशांनी अष्टावक्राच्या मागच्या जन्माचं एकही पाप सांगितलेलं नाही. कारण सरळ दिलंय: शिष्यांसमोर बापाला लागलं. मूल खरं बोललं, आणि बाप त्या क्षणी स्वतःचा अपमान सहन करू शकला नाही. कर्मविचार मला मान्य आहे. पण तो मी माझ्या हाताकडे बघताना वापरायचा, की हा हात उगारला तर काय होईल. दुसऱ्याच्या पाठीवरचा वळ त्याला समजावून सांगायला वापरला, तर मारणाऱ्याची सुटका होते आणि मार खाल्लेलं मूल आरोपी होतं. जिन्यावर बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला कुणी येऊन म्हणालं असतं का, की बाळ, तू हे दार निवडून आली आहेस?

दुसरं उत्तर: 'आईवडील देव आहेत. त्यांचं काही मनात ठेवायचं नाही.' यासाठी तैत्तिरीय उपनिषदाचा दाखला देतात. शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात आईला, वडिलांना, आचार्यांना, अतिथीला देव मान असं येतं. खरं आहे. पण शीक्षावल्लीतल्या त्याच अनुवाकात, तिथून एकदोन वाक्यांवरच, आचार्य स्वतःबद्दल सांगतात की आमचं जे चांगलं आचरण असेल तेवढंच तू घे, बाकीचं घेऊ नकोस. आपण पहिलं वाक्य भिंतीवर फ्रेम करून लावतो आणि दुसरं वाचतच नाही. देव मान म्हणणाराच सांगतोय, की माझ्यातलं निवडून घे. आप्पांनी मला हरिपाठ दिला, तो मी घेतला. आज हा ब्लॉग चालतो तो त्यांच्यामुळे, हे मी नाकारत नाही. जिना मी घेत नाही.

पण 'घेत नाही' म्हटलं म्हणजे येत नाही असं थोडंच आहे? ताम्हन सांडलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, घेतेस का म्हणून. ते आत होतं आणि ते आलं.

माझ्या डॉक्टरबाईंनी पाचव्या महिन्यात वजन, बीपी झाल्यावर सहज विचारलं, झोप कशी आहे. मी रडले. त्यांनी एका समुपदेशक बाईंचं नाव दिलं. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी जाते. तिथे आणि नंतर वाचताना ज्या दोनतीन गोष्टी कळल्या त्या सांगते, कारण कथा मला त्यांच्यामुळे नव्यानं वाचता आली.

सेल्मा फ्रायबर्ग नावाच्या अमेरिकन बाई होत्या. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७५ साली एक लेख लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ 'बाळाच्या खोलीतली भुतं' असा आहे. त्यात एक तरुण आई आणि तिची साडेपाच महिन्यांची मुलगी आहे. लेखात मुलीचं नाव मेरी दिलंय. बाळ मांडीवर हंबरडा फोडतंय आणि आई भिंतीकडे बघत बसलीये, जणू ऐकूच येत नाही. ती दुष्ट नव्हती. तिच्या लहानपणी तिचं रडणं कुणी ऐकलेलं नव्हतं. फ्रायबर्ग यांच्या गटानं तिला बाळ कसं धरायचं याचे धडे देण्याआधी तिचंच ऐकलं. ती स्वतःसाठी रडायला लागली, आणि मग हळूहळू बाळाला छातीशी धरायला लागली.

त्या लेखातलं मला सगळ्यात लागलेलं हे. त्यांनी असंही विचारलं, की ज्यांचं लहानपण वाईट गेलं असे पुष्कळ आईबाप तेच पुढे देत नाहीत, ते का? त्यांचं उत्तर असं, की काय झालं हे बहुतेकांना आठवतं. पण तेव्हा आपल्याला *कसं वाटलं* होतं, ती भीती, ती लाज, हेही ज्यांना आठवतं, ते बहुधा आपल्या मुलाला त्या जागी उभं करत नाहीत. ज्यांची ती भावना बधिर झालेली असते ते मारणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहतात. 'आम्हीही मार खाल्ला, काय बिघडलं?' हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलंय? मी तर आप्पांच्याच तोंडून ऐकलंय. त्यांचे वडील त्यांना गोठ्यात बांधून ठेवायचे. हे ते हसत हसत सांगायचे. आता ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

म्हणजे पहाटे तीनच्या त्या आठवणी, ज्यांना मी विष समजत होते, त्यांचं काय? त्या येतात, दुखतात, आणि मला अजून कळतं की त्या मुलीला थंडी वाजत होती. हे कळतंय ही वाईट गोष्ट नाही. समुपदेशक बाई म्हणाल्या, गरोदरपणात जुनं वर येणं अगदी नेहमीचं आहे. शरीर बदलतं, तपासण्या होतात, झोप मोडते, आणि आपण कुणाचे तरी आईबाप होणार म्हटल्यावर आपले आईबाप आठवणारच.

दुसरी गोष्ट लंडनची. पीटर फॉनागी आणि स्टील दांपत्य यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास. जवळपास शंभर गरोदर बायकांशी, बाळ जन्माला यायच्या आधी, त्यांच्या लहानपणाबद्दल सविस्तर बोलणं केलं. त्या मुलाखतीत एक प्रश्न असा असतो, की आईशी तुमचं नातं कसं होतं ते पाच विशेषणांत सांगा, आणि मग प्रत्येक विशेषणासाठी एकेक प्रसंग. (करून बघा. मला 'प्रेमळ' लिहायला वेळ लागला नाही, प्रसंग आठवायला वीस मिनिटं लागली.) बाळ एक वर्षाचं झाल्यावर ते आईशी किती निर्धास्त आहे हे पाहिलं. चारातल्या साधारण तीन जोड्यांमध्ये गरोदरपणातल्या बोलण्यावरून केलेला अंदाज बरोबर आला. आणि अंदाज कशावरून? लहानपण चांगलं होतं की वाईट, यावरून नव्हे. ते सांगताना गोष्ट जुळते का, यावर. सगळं छान होतं म्हणून विषय बंद करणाऱ्या, किंवा सांगता सांगता त्या रागातच अडकून राहणाऱ्या आयांच्या बाळांना जास्त त्रास दिसला. जिचं लहानपण खरंच कठीण गेलं, पण जी ते सरळ, जसं होतं तसं सांगू शकते, तिचं बाळ निर्धास्त असू शकतं.

आता परत वनपर्वात या.

मूल व्हायच्या आधी सुजाता कहोडाला म्हणाली होती, घरात काही नाही, दिवस भरत आलेत, मी कसं करू. म्हणून कहोड जनक राजाकडे धन मागायला गेला. तिथे वादात बंदीनं त्याला हरवलं आणि नियमाप्रमाणे पाण्यात बुडवलं. उद्दालकांना हे कळलं तेव्हा ते सुजाताला म्हणाले, हे मुलापासून गुप्त ठेव. तिनं ठेवलं. अष्टावक्र आजोबांनाच वडील समजत वाढला आणि मामा श्वेतकेतूला भाऊ. बारा वर्षं.

बारा वर्षं त्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत होतं आणि ज्याचं शरीर आठ ठिकाणी वाकलं होतं त्याला माहीत नव्हतं. त्यानं कधीतरी विचारलं असेलच ना, आई, मी असा का? काय सांगितलं असेल तिनं? लोमश सांगत नाहीत. आपल्या घरांतही सांगत नाहीत. 'तुझ्या बाबांचा स्वभावच तसा', 'मनात ठेवू नकोस', 'पाहुण्यांसमोर नको'. हेतू चांगला असतो. उद्दालकांचाही चांगलाच होता.

मग एक दिवस तो आजोबांच्या मांडीवर बसलेला असताना श्वेतकेतूनं त्याला हात धरून ओढलं. ही तुझ्या बापाची मांडी नाही, म्हणाला. पोर रडत आईकडे गेलं आणि विचारलं, माझे वडील कुठे आहेत?

इथे एक बारीक तपशील आहे. सुजातानं सगळं सांगितलं, आणि सांगितलं ते दुःखानं आणि *शापाच्या भीतीनं*. कुणाच्या शापाच्या? समोरच्या बारा वर्षांच्या मुलाच्या. तिनं नवऱ्याचा राग पाहिला होता. आता मुलगा तेवढ्याच ताकदीचा, आणि आपण त्याच्यापासून लपवलेलं. तिला वाटलं, आता हाही तेच करणार. माझी ताम्हनाच्या दिवशीची भीती नेमकी हीच, फक्त माझ्यात सुजाताही मीच आणि अष्टावक्रही मीच.

अष्टावक्रानं शाप दिला नाही. ऐकून घेतलं, रात्री श्वेतकेतूशी बोलला (ज्यानं सकाळी मांडीवरून ओढलं त्याच्याशीच, पोरांचं असं असतं), आणि दोघं जनकाच्या यज्ञाला निघाले. बापाला शोधायला.

त्याचा राग गेला होता असं नाही हं. दारात अडवणाऱ्या द्वारपालाशी तो भांडतो, आणि बंदीला हरवल्यावर म्हणतो, यालाही पाण्यात बुडवा. तो संत होऊन बसलेला नाही. राग आहे, पण तो ज्याचा आहे त्याच्याकडे गेला. आईकडे गेला नाही. कुठल्या लहान मुलाकडे गेला नाही. मला वाटतं, साखळी इथे तुटली, जनकाच्या दरबारात नव्हे. त्याला झालं ते खरं खरं सांगितलं गेलं, आणि त्यानं ते ऐकून घेतलं, त्या संध्याकाळी.

इथे थोडं थांबून मुलग्यांसाठी, कारण हा ब्लॉग वाचणारे होणारे बाबाही आहेत. कथेत शाप देणारा गर्भार बाईचा नवरा आहे. दवाखान्यात आईला निदान झोप विचारतात, बाबाला बिलिंग काउंटर कुठे आहे एवढंच सांगतात. तुमच्याही अंगात काही वाकलेलं असेल. आत्ताच कुणाला तरी सांगा. मित्राला, भावाला, बायकोला. कुणीच नसेल तर १४४१६ हा टेलीमानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. बाळ रात्री दोन वाजता रडायला लागल्यावर पहिल्यांदा कळण्यापेक्षा आत्ता बरं.

कथेचा शेवट. बुडवलेले सगळे ब्राह्मण वरुणाच्या यज्ञाला गेलेले असतात, ते परत येतात. कहोडही येतो. मुलाचं कौतुक करतो, की जे मला जमलं नाही ते यानं केलं. घरी आल्यावर, सुजाता जवळ असताना, मुलाला म्हणतो, या समंगा नदीत उतर. तो उतरतो आणि त्याचे अवयव सरळ होतात. समंगा, सम अंग.

मी तीन वेळा शोधलं. कहोड माफी मागत नाही. 'माझं चुकलं' असं एक वाक्य नाही. आधी मला याचा संताप आला. मग वाटलं, कदाचित हेच खरं आहे. बहुतेक बाप म्हणत नाहीत. या बापाला एवढं जमलं, की वाकडं झालंय हे त्यानं पाहिलं, आईसमोर पाहिलं, आणि जा, हे सरळ होऊ दे म्हणाला. नदीत उतरायचं काम मुलाचं. आणि लोमश लगेच पुढे काय सांगतात माहितीये? वृत्राला मारल्यावर पापानं ग्रासलेला इंद्रही याच नदीत न्हाऊन मोकळा झाला. ज्याला इजा झाली त्याची आणि ज्यानं हत्या केली त्याची नदी एकच. मला एकाच महिन्यात दोन्हीसाठी तिथे जावंसं वाटलंय.

कारण ताम्हनाच्या दिवशी, पाचएक मिनिटांनी, मी दारापाशी जाऊन भाच्याशेजारी खाली बसले (सातव्या महिन्यात खाली बसणं म्हणजे कार्यक्रमच). म्हटलं, 'मामी ओरडली ना? मामीचं चुकलं. पाणी सांडलं तर पुसायचं असतं, बाहेर नसतं काढायचं.' तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, 'फडकं कुठंय?' दोघांनी पोथी पुसली. पानं अजून फुगलेली आहेत.

समुपदेशक बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एड ट्रॉनिक या संशोधकाचं काम सांगितलं. चांगल्या, निरोगी आयांचाही बाळाशी सूर साधारण तीस टक्केच वेळ जुळलेला असतो. बाकी वेळ चुकामूक आणि मग परत जुळणं, हेच चालू असतं. बाळ शिकतं ते त्या परत जुळण्यातून. मी जिन्यावरून आत आले तेव्हा मला कुणी परत जुळवलं नव्हतं. चहा दिला आणि शाळेत पाठवलं.

आता खरा पेच. पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्यांनी आनंदानं गृहीत धरलंय, आईनं खोली रंगवून घेतलीये, डोहाळजेवणात प्रत्येक बाईनं विचारलं, 'मग कधी निघणार?' या प्रथेत केवढी माया आहे! सासुरवाशिणीला तीन महिने तरी आपल्या घरात झोपायला मिळावं, शेकशेगडी, मालीश, आईच्या हातचं. पण माहेर सुरक्षितच असतं असं तिनं धरून टाकलंय. माझ्या बाळाचा पहिला सव्वा महिना त्या घरात जाणार, ज्याच्या दाराला ती कडी आहे. आप्पा आता सत्तरीचे आहेत, गुडघे गेलेत, त्यांनी गेल्या पंधरा वर्षांत माझ्यावर आवाज चढवलेला नाही. तरी त्या जिन्यावर पाय ठेवला की माझा आवाज बारीक होतो. आणि घाबरलेल्या आईच्या तोंडून काय निघतं ते मी पाहिलंय.

देव मानून तिथे जावं, की निवडून घ्यावं? मी आठ दिवस हेच वाचत होते. परवा आईला फोन केला. म्हटलं, 'आई, मी बाळंतपणाला येणार नाही. तू इकडे ये.' तिनं कारण विचारलं. वीस वर्षं मी 'ट्रॅफिक', 'सुट्टी नाही' अशी कारणं देत आलेय. या वेळी सांगितलं. हरिपाठ, जिना, डिसेंबर, दूधवाला. तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या, हेही.

ती इतका वेळ गप्प होती की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, 'कडीला हात लावला होता मी. दोनदा. ते जागे होते गं.' आणि थोड्या वेळानं, 'तू झोपली होतीस का तिथं? मला कधी विचारायची हिंमत झाली नाही.'

मी म्हटलं, 'नाही. जागी होते.'

ती पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला येतेय, एसटीनं, डिंकाचे लाडू आणि तीन दुपटी घेऊन. आप्पांना तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. काल त्यांचा फोन आला होता. बाळाच्या हालचाली कशा आहेत विचारलं, मग नेहमीसारखे थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. ठेवताना म्हणाले, 'बारशाला मी येऊ ना?'

म्हटलं, 'या आप्पा. दुपारी या, संध्याकाळपर्यंत थांबा.' मुक्कामाचं मी बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही.

उद्याचं वाचन वनपर्वातच, समंगेच्या पुढे: यवक्रीताची कथा. तीही बापलेकांचीच आहे, आणि जास्त कडू आहे.

रामकृष्णहरी.